ब्लूग्रास एकट्याचं नव्हे

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागाचं जुनं, निर्भेळ लोकसंगीत, असं सर्रास मानलं जातं. पण १९४६च्या सुमारास बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये कोण वाजवत होतं हे पाहिलं, तर हा समज टिकत नाही. मन्रो केंटकीचे, मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार घेतल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आलं. त्यांचे कान घडवले ते फिडल वाजवणाऱ्या पेन मामांनी आणि आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय ब्लूजवादकानं. गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट टेनेसीचे, फिडलवाले चबी वाइज फ्लोरिडाचे. बँजोवाले अर्ल स्क्रग्ज नॉर्थ कॅरोलिनातल्या गिरणीत राबलेले. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर नख्या चढवून ते तारा अशा छेडत की सुरांची नुसती सर लागे. ही पद्धत त्यांच्या भागात आधीपासून होती. वेग आणि सफाई त्यांची. खुद्द बँजोचं मूळही आफ्रिकेतलं.

यावर कुणी म्हणेल, हा बँड १९३९मध्येच ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात पोचला होता आणि स्क्रग्ज आले १९४५च्या अखेरीस. मग श्रेय एकट्या मन्रोंचंच. नाव, शिस्त, उंच पट्टीतला तो धारदार आवाज त्यांचाच, हे मान्य. पण आज जगभर ब्लूग्रास म्हणून जे वाजतं, त्याचा साचा स्क्रग्ज आल्यावरच पक्का झाला. १९४८मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी तोच बाज स्वतःच्या बँडमधून पुढे नेला. १९४६-४७ची ध्वनिमुद्रणं जरूर ऐका, आणि ऐकताना बँजोवर कान ठेवा.