कालमर्यादेचे संगणकशास्त्र : प्रा. क्रिती रामामृतम यांच्या संशोधनाचा प्रभाव

प्रस्तावना

पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढविला जातो, तेव्हा नदीकाठच्या नाशिककरांना त्याची सूचना पाणी पोहोचण्यापूर्वी मिळणे आवश्यक असते. सूचना अचूक असूनही रामकुंड पाण्याखाली गेल्यानंतर मिळाली, तर त्या अचूकतेचा उपयोग राहत नाही. ज्या संगणकप्रणालीत उत्तराची योग्यता त्याच्या वेळेवरही अवलंबून असते, तिला रिअल-टाइम प्रणाली म्हणतात. ‘रिअल-टाइम’ म्हणजे ‘अतिजलद’ असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे. येथे वेगापेक्षा खात्री महत्त्वाची असते.

ही खात्री कशी देता येईल, या प्रश्नावर प्रा. क्रिती रामामृतम यांनी दीर्घकाळ संशोधन केले. 1981 मध्ये युटा विद्यापीठाची पीएच.डी. मिळविल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व पुढे मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले.

‘स्प्रिंग’ आणि हमीची कल्पना

जॉन स्टॅन्कोविक यांच्यासमवेत त्यांनी विकसित केलेल्या ‘स्प्रिंग’ प्रणालीचे मूलतत्त्व साधे आहे. नवे काम आले की त्याला लागणारा जास्तीत जास्त वेळ, त्याची अंतिम मुदत आणि त्याला हवी असणारी साधने विचारात घेतली जातात. आधी स्वीकारलेल्या कोणत्याही कामाची मुदत न मोडता ते पूर्ण होऊ शकत असेल, तरच ते स्वीकारले जाते. एकदा स्वीकारले की ती हमी असते. काम येथे होण्यासारखे नसेल, तर जाळ्यातील दुसऱ्या संगणकाकडे, त्याची सवड पाहून, ते पाठविले जाते. रिअल-टाइम आणि वितरित प्रणाली या दोन विषयांचा सांधा येथेच जुळतो. मुदत चुकणार हे आधीच कळले, तर पर्यायी उपाय योजण्यास अवधी मिळतो. नकार वेळेवर मिळणे हेही मोलाचेच असते!

कामांचा सर्वोत्तम क्रम शोधणे गणिती दृष्ट्या अत्यंत कठीण असते. सर्व शक्यता तपासत बसल्यास मुदती त्यातच उलटून जातील. म्हणून 1990 मध्ये स्टॅन्कोविक व शियाह यांच्यासह त्यांनी मांडलेली पद्धत जवळच्या मुदतीच्या मोजक्याच कामांकडे पाहून निर्णय घेते. तिला ‘मायोपिक’, म्हणजे लघुदृष्टीची, असे नाव आहे.

या मार्गाला मर्यादाही आहेत. प्रत्येक कामाचा कमाल वेळ आधी ठाऊक असावा लागतो आणि आधुनिक प्रोसेसरवर तो सांगणे सोपे नाही. उद्योगक्षेत्रात लियू व लेलँड यांच्या 1973 च्या सिद्धांतावर आधारलेली, अग्रक्रमाची साधी पद्धतच अधिक रुळली. तरीही हमी देण्यापूर्वी तपासण्याचा विचार या शाखेत कायमचा रुजला.

माहितीचे ‘वय’

रामामृतम यांचे दुसरे कार्य माहितीच्या ताजेपणाविषयी आहे. 1993 च्या त्यांच्या लेखात माहितीची कालिक सुसंगती दोन प्रकारे पाहिली आहे : नोंद स्वतः पुरेशी ताजी हवी आणि एकत्र वापरल्या जाणाऱ्या नोंदी जवळपास एकाच वेळच्या हव्यात. लासलगावचा आजचा कांदाभाव आणि पिंपळगावचा कालचा भाव यांची तुलना करून गाडी कोठे न्यावी हे ठरविणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्या अटीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

2001 मध्ये पवन देवळसी, अमोल काटकर, अंकुर पंचबुधे व प्रशांत शेणॉय यांच्यासह त्यांनी वेबवरील सतत बदलणाऱ्या माहितीसाठी संमिश्र पद्धत सुचविली. भाव प्रत्येक वेळी विचारत राहिल्यास जाळ्यावर भार पडतो व मधला बदल निसटू शकतो. सर्व्हरने प्रत्येक ग्राहकाची अपेक्षा लक्षात ठेवून बदल कळवायचे ठरविल्यास भार सर्व्हरवर येतो. ग्राहकाला किती फरक चालतो, यावर दोहोंचे प्रमाण ठरविता येते. एखाद्याला क्विंटलमागे 5 रुपयांचा फरकही कळायला हवा असेल, दुसऱ्याला 50 रुपयांपर्यंतचा बदल चालत असेल, तर दोघांना सारखेच संदेश पाठविणे व्यर्थ होय.

प्रभावाचे मोजमाप

आय.ई.ई.ई. व ए.सी.एम. या दोन्ही संस्थांनी त्यांना ‘फेलो’ म्हणून गौरविले. संशोधनाचा प्रभाव सामान्यतः अशा सन्मानांवरून व उद्धरणांच्या संख्येवरून मोजला जातो. परंतु आय.आय.टी. मुंबईत त्यांच्या मार्गदर्शनाखाली 2003 मध्ये सुरू झालेला ‘आक्वा’ उपक्रम या मापात पुरता बसत नाही. त्यात शेतकऱ्याने मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत प्रश्न विचारायचा, हवे तर रोगट पिकाचे छायाचित्र जोडायचे आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे, अशी योजना होती. येथे कामाचा कमाल वेळ आधी सांगता येत नव्हता, कारण उत्तर देणारा प्रोसेसर नसून माणूस होता. मुदत मात्र खरीच होती : द्राक्षबागेवर डाऊनी दिसू लागल्यावर फवारणीचा निर्णय आठवडाभर थांबवता येत नाही.