आधी एको, मग व्यायाम

सकाळी ८.३०. जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर आमचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. शिपाई मामांनी मॅट झटकून अंथरलेल्या असतात, मी खेळणी पुसून घेते. पहिल्या एसटीने आलेल्या आया व्हरांड्यात बसलेल्या असतात. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधून सुरू झाला, त्यातून अशी केंद्रं उभी राहिली. कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. मी इथली फिजिओथेरपिस्ट. मंगळवारी डाऊनची मुलं एकत्र बोलावते. आया एकमेकींशी बोलतात, आणि ते मला व्यायामाइतकंच मोलाचं वाटतं.

९.००. नवी केस. दोन महिन्यांचा मुलगा, तेवीस वर्षांची आई, सोबत सासूबाई. फाइलमध्ये गुणसूत्रांचा रिपोर्ट: ४७, एक्सवाय, +२१.

"मॅडम, आमच्यात कुणालाच न्हाई असं. हिनं गिराण पाळलं न्हाई, तवाच म्या म्हणले होते."

आईची मान खाली. आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही, मी सांगते. गर्भ राहण्याआधी, बीज तयार होतानाच एकविसाव्या गुणसूत्राची जोडी वेगळी व्हायची, ती झाली नाही. सुनेच्या खाण्यापिण्याने, काम करण्याने असं होत नाही. पस्तिशीनंतर शक्यता वाढते हे खरं, पण बाळंतपणंच तरुण बायकांची जास्त, त्यामुळे अशी बहुतेक बाळंही त्यांच्याच पोटी येतात. आजी गप्प बसल्या. पटलं की नाही, कुणास ठाऊक. पुढच्या वेळी पुन्हा सांगायचं.

"व्यायाम दाखवा ना," आई म्हणते. मी फाइल चाळते. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नाही. गावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून 'ठीक आहे' सांगितलेलं. पण आवाज आला नाही म्हणजे हृदय चांगलं, असं या मुलांत धरता येत नाही. जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो. वरच्या-खालच्या कप्प्यांमधलं मोठं भोक असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते, नाहीतर फुप्फुसांतला दाब इतका वाढतो की पुढे सर्जनच नाही म्हणतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या लोकांचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं, आज ते साठच्या घरात आहे. त्यात हृदयाच्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा. म्हणून आज मॅट नाही, एकोची चिठ्ठी. आई हिरमुसते. हरकत नाही.

१०.००. आता मॅट. हे माझे आवडते दोन तास.

चौदा महिन्यांची एक मुलगी पालथी आहे, समोर वाजणारी डबी. तिला बसायचंय. बाकी मुलं कुशीवर वळून हाताला रेटा देत उठतात. ही दोन्ही पाय बाजूला फाकवत नेते, थेट सरळ रेषेत, आणि तशीच मागे येऊन बसते. नातेवाईक टाळ्या वाजवतात. मी नाही वाजवत. स्नायू ढिले, सांधे लवचीक, म्हणून तिला हा सोपा रस्ता सापडलाय. पण त्यात कमरेचा पीळ नाही, पोटाचे स्नायू कामाला लागत नाहीत, आणि पुढे पाय फेंगडे टाकत चालण्याची सवय इथूनच लागते. मी तिच्या मांड्या हलक्या हाताने जवळ धरते आणि डबी उजवीकडे सरकवते. ती चिडते, रडते, मग कोपरावर येते. तिथे थांबते. आणखी जरा रेटा, आणि तळहात टेकवून उठते. आता टाळ्या.

मग तेच आईच्या हातांनी. मी आठवड्यातून एकदा भेटणार, आई दिवसातून दहादा लंगोट बदलणार. प्रत्येक वेळी कुशीवरून उठवायचं, एवढाच गृहपाठ. कडेवर घेताना पाय कमरेभोवती फाकवून नाही, जुळवून.

डेल अल्रिच यांच्या गटाचा २००१ चा एक अभ्यास आहे: बाळाला धरून छोट्या ट्रेडमिलवर रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस चालवलं, तर ती मुलं सरासरी १०१ दिवस आधी चालू लागली. आमच्याकडे ट्रेडमिल नाही. पण थोडं, रोज, घरच्यांच्या हातून, हे त्यातून घेता येतं. चाकांचा वॉकर मात्र घरात आणू नका. तो मी आल्या आल्या परत करायला लावते.

१२.००. साडेतीन वर्षांचा मुलगा. चालत होता, आता बसून राहतो. वजन वाढलंय, शी कडक होते. "आळशी झालाय," बाबा म्हणतात, "त्यांचं असंच असतं ना?" या वाक्याची मला चीड आहे. डाऊन आहे म्हटलं की सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं. थायरॉइड कमी पडला तरी मूल असंच मंद, सुजट, बद्धकोष्ठ होतं, आणि या मुलांत तो वारंवार कमी पडतो. जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करायचा. याचा दोन वर्षांपूर्वीचा आहे. रक्त द्यायला पाठवते. गोळी लागलीच तर सकाळी उपाशीपोटी, लोहाच्या औषधासोबत नाही.

कानांचंही तेच. कर्णमार्ग अरुंद, पडद्यामागे पाणी साचतं. 'ऐकत नाही, हट्टी आहे' असं सांगत आलेल्या मुलाची मी आधी ऑडिओलॉजिस्टकडे रवानगी करते.

१.३०. डबा.

२.००. स्पीच थेरपिस्ट ताईंच्या खोलीत मी मदतनीस. नाचणीची खीर, चपटा चमचा. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून किंचित दाबायचा, जीभ आत जाते, ओठ मिटतात. खीर वरच्या ओठाला पुसून ओतायची नाही. त्याने ओठ मिटायला शिकत नाहीत. ही मुलं बोलतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजतात, म्हणून ताई हातांच्या खुणा शिकवतात. खुणांनी बोलणं मागे पडेल ही भीती निराधार आहे.

३.३०. शाळेतून पीटीच्या सरांचा फोन: कोलांटी घेऊ दे का? नको. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा काहींचा सैल असतो. मान वाकडी धरली, चाल बदलली, कपड्यात शू होऊ लागली, तर लगेच दवाखाना. धावणं, नाच, चेंडू सगळं चालेल. मग दोन पालकांना दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरून देते.

४.३०. रजिस्टर. तिघं आले नाहीत. दोघांचे आईबाप उसाच्या तोडीला गेलेत, मार्चनंतर उगवतील. त्यांच्या कार्डावर मी तपासण्यांच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहून दिल्यात, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही त्या होऊ शकतील.

तुमच्या घरात, गल्लीत, वाडीवर असं बाळ असेल तर व्यायामाच्या आधी तीन गोष्टी विचारा: एको झाला का, थायरॉइड झाला का, कान तपासले का. अंगणवाडीत आमचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट पाहू नका. बाळाला थेट जिल्हा रुग्णालयात आणा, या तपासण्यांचे पैसे पडत नाहीत.