सूक्ष्मद्रव्यांच्या परीक्षणासाठी मातीचा नमुना

प्रवरा कालव्याखालील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसावर केवडा दिसताच युरिया वाढविण्याकडे कल असतो. वस्तुतः दोष पुष्कळदा लोहाच्या वा जस्ताच्या उणिवेचा असतो; जमिनीत असूनही चुनखडीमुळे ती पिकास मिळत नाहीत. परीक्षणात उपलब्ध जस्त दहा लक्ष भागांत ०.६ भागाहून व लोह ४.५ भागांहून कमी भरल्यास उणीव मानतात. एवढ्या सूक्ष्म मोजणीत जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती कालविली, तर उणिवेची जमीनही संपन्न ठरेल आणि शेतकऱ्याचा हंगाम जाईल! गंजलेले खुरपेही तितकेच घातक. यास्तव कुदळीने खड्डा घेतल्यावर त्याच्या बाजूची २२ सेंटिमीटरपर्यंतची माती लाकडी पट्टीने खरवडावी, प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळावी व अर्धा किलो नमुना स्वच्छ कापडी पिशवीतून प्रयोगशाळेकडे पाठवावा. खताचे रिकामे पोते मात्र वापरू नये.