यंत्रमानवाचा हात

यंत्रमानव बनविण्याचा छंद आतां शाळांतूनहि शिरला आहे. मुलें चाकें जोडतात, गाडी फिरवितात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, ह्याला हात कसा लावावा?" कारखान्यांतील तयार पंजे विद्यार्थ्याच्या खिशास परवडणारे नसतात. तेव्हां स्वतःच्या हातानें स्वस्तांत पंजा कसा योजावा, ह्याचा थोडा विचार करूं.

मनुष्याच्या एका हातांत २७ हाडें असतात. परमेश्वराच्या ह्या कृतीची नक्कल करणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे; सुदैवानें तशी गरजहि नाहीं. स्वयंपाकघरांतील सांडशीस दोनच पातीं असतात, तरी तापलेलें पातेलें ती खुशाल उतरविते. मात्र सांडशी जशीच्या तशी घेऊन चालत नाहीं. तिचीं पातीं एका खिळ्याभोवतीं फिरत असल्यामुळें तीं एकमेकांशीं तिरपीं राहतात, आणि गोल वस्तु ओल्या साबणाप्रमाणें पुढें निसटते. उपाय भूमितींत आहे. प्रत्येक बोट एका पट्टीवर न बसवितां सारख्या लांबीच्या दोन समांतर पट्ट्यांवर बसवावें. चारी सांधे मोकळे ठेवले म्हणजे समांतरभुज चौकोन होतो. तो कसाहि कलला तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून बोटेंहि परस्परांस समांतर राहतात. परीक्षेसाठीं पाठ केलेलें प्रमेय येथें काम करतांना दिसतें!

हालचालीसाठीं 'एसजी ९०' ही लहान सर्व्हो मोटर पुरते. वजन ९ ग्रॅम, किंमत साधारणतः शंभर-दोनशें रुपये. तिचें फिरविण्याचें बल ४.८ व्होल्टला सुमारें १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर सांगतात. म्हणजे आंसापासून १ सेंटीमीटरवर ती १.८ किलोग्रॅम तोलते, व अंतर वाढेल त्या प्रमाणांत हा भार घटतो. पट्टी ६ सेंटीमीटर लांब केली तर ३०० ग्रॅम उरले. एकाच मोटरनें, दोन सारख्या दांतेरी चाकांच्या साह्यानें, दोन्ही बोटें हलवावयाचीं असल्यामुळें प्रत्येकास १५० आले. पुन्हा, मोटर पूर्ण जोरानें अडवून धरली तर ती तापून बिघडते. म्हणून निम्मेच, ७५ ग्रॅम, हिशेबांत धरावे.

आतां एक अंडें उचलूं. त्याचें वजन ५५ ग्रॅम समजा. अंडें नुसत्या दाबानें उचललें जात नाहीं. दाबामुळें जें घर्षण उत्पन्न होतें त्यानें उचललें जातें. गुळगुळीत प्लास्टिकच्या बोटांचा घर्षणगुणक ०.३ धरला, तर दोन्ही बाजूंचें मिळून ७५ × ०.३ × २ = ४५ ग्रॅम. अंडें गेलें! अशा वेळीं बहुतेक मुलें मोठी मोटर मागतात. पण मोठी मोटर महाग, जड, आणि अंडें फोडण्यासहि समर्थ. त्यापेक्षां सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांच्या आंतल्या अंगास चिकटवावे. घर्षणगुणक ०.६ झाला कीं तोच दाब ९० ग्रॅम पेलतो. खर्च जवळजवळ शून्य. पट्ट्या ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या चालतात. सांध्यांचे स्क्रू इतकेच आवळावे कीं पट्टी डुगडुगूं नये, पण अडूंहि नये. मोटरला वीज वेगळ्या बॅटरींतून द्यावी, हें मात्र विसरूं नये.

पंजा तयार झाल्यावर त्याचा आराखडा स्वतःपाशीं ठेवावा कीं इतरांस द्यावा? २०११ सालीं दक्षिण आफ्रिकेंत रिचर्ड व्हॅन आस ह्या सुतारानें करवतीच्या अपघातांत उजव्या हाताचीं बोटें गमावलीं. अमेरिकेंतील आयव्हन ओवेन ह्या कारागिराच्या साह्यानें त्यानें यांत्रिक बोटें घडविलीं, आणि पुढें दोघांनीं जन्मतः बोटें नसलेल्या एका लहान मुलासाठीं हात केला. २०१३ मध्यें तो आराखडा त्यांनीं जगास मोकळा केला. मग अनेक देशांतील स्वयंसेवक त्यांत फेरफार करून मुलांसाठीं हात बनवूं लागले. एवढें काम त्या दोघांच्या कर्मशाळेंतून कधींच झालें नसतें.

खुला आराखडा कोणीहि अभ्यासावा, बदलावा, बनवावा, विकावाहि. परंतु नुसतें छायाचित्र दिल्यानें तो खुला होत नाहीं. बदलतां येईल अशी मूळ फाइल, मापें, सुट्या भागांची यादी, सर्व कांहीं द्यावें लागतें. आणि माझ्या मतें त्या यादींतील प्रत्येक वस्तु तालुक्याच्या बाजारांत मिळाली पाहिजे. परदेशाहून मागवावा लागणारा एकच स्क्रू असला, तरी खेड्यांतील मुलास तो आराखडा बंदच. किती वजनास अंडें घसरलें, कोणता दांता प्रथम झिजला, हेंहि नकाशाच्या कोपऱ्यांत लिहावें. पुढचा बनविणारा तेथूनच आरंभ करील.