कोणते पॅकेट टाकून द्यावे?

बल्लारशाह जंक्शनात नागपूरकडून, दक्षिणेकडून आणि गोंदियाकडून गाड्या येतात. सगळे फलाट भरले, तर नवी गाडी सिग्नलपाशी थांबते. मोबाइलवरील संदेशांना ही सोय नसते.

आपला आवाज किंवा चित्र लहान तुकड्यांत विभागून पाठवले जाते. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेतील स्विच हे यंत्र पॅकेट पुढे धाडते. मार्ग मोकळा नसेल, तर पॅकेट यंत्राच्या छोट्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, रांगेत थांबते. बफर भरला की एखादे पॅकेट टाकून द्यावेच लागते. चित्रपटाचे पॅकेट पुन्हा मागवता येते. पण भामरागडहून कोणी डॉक्टरांशी बोलत असेल, तर हरवलेला शब्द उशिरा येऊन काय उपयोग?

म्हणून पॅकेटांची किंमत ठरवतात. समजा, बफरमध्ये चार जागा आहेत आणि चारही पॅकेटांची किंमत 1 आहे. आता 10 किंमतीचे पॅकेट आले. जागा नाही म्हणून तेच टाकावे काय? नाही. सर्वांत कमी किंमतीचे काढावे आणि नव्याला घ्यावे. पुढे काय येणार हे मात्र स्विचला ठाऊक नसते. येईल तसा निर्णय घेणाऱ्या रीतीला ऑनलाइन रीत म्हणतात. (येथे या शब्दाचा इंटरनेटशी संबंध नाही.) अशा रीतीची तुलना भविष्य जाणणाऱ्याशी करण्याची कसोटी 1985 मध्ये स्लीटर व टार्जन यांनी मांडली. आपला साधा नियम या कसोटीला उतरतो. पॅकेटे कशीही येवोत, भविष्य जाणणारा जेवढी किंमत पुढे पाठवील, तिच्या निम्म्याहून कमी हा नियम कधीच पाठवत नाही.