जुनं चालतं, नवं चालत नाही

इंग्लंडला जाऊन आलेल्यांच्या घरात कपाटातल्या एखाद्या डबीत तिथली चिल्लर हमखास सापडते. समजा, त्यातली दोन नाणी बाहेर काढली. एक गोल, जाडसर, पिवळं: २०१५ सालचा एक पौंड. दुसरं मळकट तांबूस: १९७१ सालचं दोन पेन्स. पुढच्या लंडनवारीत यातलं कोणतं चालेल? बहुतेक जण पौंडाकडे बोट दाखवतील. चालतं मात्र ते मळकटच. पन्नाशी उलटलेलं हे नाणं अजून दुकानाच्या गल्ल्यात पडतं, आणि त्याच्यापेक्षा ४४ वर्षांनी लहान असलेला पौंड १५ ऑक्टोबर २०१७ च्या मध्यरात्री बाद झाला.

ब्रिटिश नाण्यांचं वय विचारून उपयोग नसतो, माप विचारावं लागतं. नाण्याचा घाट बदलला की जुन्या घाटाची नाणी ठरावीक मुदतीत गोळा होतात आणि मग बाद होतात. माप तेच राहिलं तर धातू बदलो, मजकूर बदलो, वरचा चेहरा बदलो, जुनं नाणं नव्याच्या जोडीनं चालत राहतं. म्हणूनच तिसऱ्या चार्ल्सची नाणी आल्यावर राणी एलिझाबेथची नाणी मागे घ्यावी लागली नाहीत. राणीच्या निधनाच्या वेळी तिची मुद्रा असलेली सुमारे २,७०० कोटी नाणी लोकांच्या हातात होती.

या हिशेबाची सुरुवात १५ फेब्रुवारी १९७१ ला होते. त्या दिवशी ब्रिटननं दशमान चलन स्वीकारलं. तोवर बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स असा कारभार होता. सोळा आणे आणि १९२ पै यांचा रुपया मोजलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. आपण तो हिशेब १ एप्रिल १९५७ लाच सोडला होता. ब्रिटनमध्ये जुनी पेनी आणि तीन पेन्सचं नाणं १९७१ च्याच ऑगस्टअखेर बाद झालं. सहा पेन्सच्या नाण्यावर मात्र लोकांचा जीव. ते नाताळच्या पुडिंगमध्ये दडवायचं, नवरीच्या बुटात घालायचं. लोकांच्या आग्रहामुळे ते नव्या अडीच पेन्सचं नाणं म्हणून जून १९८० पर्यंत तग धरून राहिलं.

शिलिंगची गोष्ट आणखी मजेची. नवं पाच पेन्सचं नाणं मुद्दामच शिलिंगच्या मापाचं पाडलं होतं आणि दहा पेन्सचं दोन शिलिंगांच्या, म्हणजे फ्लोरिनच्या मापाचं. त्यामुळे जुने शिलिंग नव्या नाण्यांत बेमालूम मिसळून गेले. १९९० मध्ये पाच पेन्सचं नाणं लहान झालं, तेव्हा त्या वर्षाअखेर शिलिंगही बाद झाले. फ्लोरिन ३० जून १९९३ पर्यंत टिकले.

यातल्या १९४८ पर्यंतच्या सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर ‘इंड इम्प’ अशी लॅटिन अक्षरं होती. अर्थ: भारताचा सम्राट. १९४९ पासून ती अक्षरं नाण्यांवरून गेली, पण आधीची नाणी चलनातच होती. म्हणजे भारत स्वतंत्र होऊन ४५ वर्षं झाली, तरी लंडनच्या एखाद्या किराणा दुकानातून दहा पेन्स सुटे परत घेताना भारताचा सम्राट हातात पडू शकत होता.

आजचा हिशेब सोपा आहे. १९७१ पासूनचे सगळे एक आणि दोन पेन्स चालतात. अर्ध्या पेनीचं छोटं नाणं मात्र १९८४ अखेर गेलं. पाच पेन्स लहान मापाचं हवं, दहा पेन्स १९९२ पासूनच्या लहान मापाचं. वीस पेन्सचं नाणं १९८२ मध्ये आलं आणि त्याचं माप कधी बदललंच नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाचंही चालतं. पन्नास पेन्सचं सात बाजूंचं नाणं १९९७ मध्ये ३० मिलिमीटरवरून २७.३ मिलिमीटरवर आलं; आधीचं मोठं नाणं फेब्रुवारी १९९८ अखेर बाद झालं. गोल पौंडाला नडली ती बनावट नाणी. दर तीस पौंडांमागे साधारण एक खोटा निघत होता, म्हणून २०१७ मध्ये बारा बाजूंचा, दोन धातूंचा पौंड आला.

एक आणि दोन पेन्सचा धातूही बदलला आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून नाण्याला लावून बघावं. १९७१ चं नाणं ढिम्म हलत नाही, कारण ते ब्राँझचं आहे. २००० सालचं टपकन चिकटतं, कारण आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. सप्टेंबर १९९२ पासून हा बदल झाला. व्यास आणि वजन तेच ठेवल्यामुळे दोन्ही एकाच गल्ल्यात नांदतात.

याशिवाय काही नाणी कागदोपत्री जिवंत आहेत, पण बाजारात कधी दिसत नाहीत. चर्चिलच्या स्मरणार्थ १९६५ मध्ये काढलेला क्राउन पाच शिलिंगांचा. आज त्याची कायदेशीर किंमत २५ पेन्स. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा वृद्धांना दान म्हणून देतो ती ‘मॉन्डी’ची चांदीची नाणी तर त्याहून भाग्यवान. दशमान पद्धत आली तेव्हा जुन्या मॉन्डी पेनीला कायद्यानं नव्या पेनीची किंमत दिली. बाकीच्या जुन्या पेन्या बाद झाल्या आणि हिची किंमत एका दिवसात २.४ पट झाली!

पण ‘वैध चलन’ म्हणजे दुकानदारानं घेतलंच पाहिजे असं नव्हे. ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ फार अरुंद आहे: देणेकऱ्यानं वैध चलनात पूर्ण रक्कम पुढे केली, तर पैसे दिले नाहीत म्हणून त्याच्यावर दावा टिकत नाही. त्यालाही मर्यादा आहेत. एक आणि दोन पेन्सची नाणी फक्त वीस पेन्सपर्यंत, पाच आणि दहा पेन्सची पाच पौंडांपर्यंत, वीस आणि पन्नास पेन्सची दहा पौंडांपर्यंत. रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीनं २०१३ पासून वीस पौंडांची चांदीची नाणी वीस पौंडांनाच विकली. नाण्यावरचा आकडा वाचून काही जण ती बँकेत भरायला गेले आणि तशीच परत घेऊन आले. बाद झालेला गोल पौंड उलट दुकानात चालत नसला, तरी ब्रिटनमधल्या अनेक बँका आपल्या खातेदाराकडून तो अजून भरून घेतात. डबीतले पौंड तिकडे शिकणाऱ्या भाच्याकडे सोपवावेत ते म्हणूनच.

सोन्याचं सॉव्हरिनही ब्रिटनमध्ये वैध चलन आहे. आपल्याकडचे सराफ त्याला गिनी म्हणतात, खरी गिनी हे वेगळं आणि त्याहून जुनं नाणं असलं तरी. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा उघडली आणि तिथे १९१८ सालाची सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. नाण्यावरच्या सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या अंकांच्या वर, ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर दिसलं की ते मुंबईचं. सॉव्हरिनमध्ये ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. ब्रिटिश कायद्याच्या लेखी त्याची किंमत आहे एक पौंड, त्या बारा बाजूंच्या नाण्याइतकीच.