नकाशावरची टक्केवारी आणि आपले घर

‘एचआयव्ही? तो आपल्याकडे कुठला!’ हे वाक्य आपण कधी तरी ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. हा समज कितपत खरा आहे, ते पाहू.

२०२१च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के, म्हणजे हजारी सुमारे दोन होते. मिझोराममध्ये मात्र ते २.७० टक्के, नागालँडमध्ये १.३६ आणि मणिपूरमध्ये १.०५ टक्के होते. ही तिन्ही राज्ये म्यानमारच्या सीमेला लागून आहेत. तेथे अमली पदार्थ सहज पोहोचतात आणि एकच सुई अनेकांनी वापरल्याने विषाणू पसरतो. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक येथे असुरक्षित लैंगिक संबंध हे मुख्य कारण ठरले. पोटासाठी घर सोडणारे मजूर आणि महामार्गांवरील वाहतूक यांतून लागण गावापर्यंत पोहोचली. हा फरक माणसांच्या चारित्र्याचा नसून परिस्थितीचा आहे.

टक्केवारी कमी म्हणजे रुग्ण कमी, असेही नाही. मिझोरामची लोकसंख्या अकरा-बारा लाखांच्या घरातील; महाराष्ट्राची अकरा कोटींहून अधिक. त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या, सुमारे चार लाख, महाराष्ट्रातच आहे.

ज्येष्ठांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही टक्केवारी १५ ते ४९ या वयोगटाची असते. पन्नाशीपुढची माणसे तिच्यात धरलेलीच नसतात. विषाणू मात्र वय पाहत नाही. शिवाय २००४पासून शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागलेल्या औषधांमुळे अनेक रुग्ण आता साठी ओलांडत आहेत. वजन घटणे, वारंवार ताप, न हटणारा खोकला यांना ‘वयाचेच हे’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी एचआयव्ही तपासणी सुचविली, तर तो अपमान मानू नका. शासकीय रुग्णालयांत ती मोफत होते आणि तिचा निष्कर्ष गोपनीय राहतो.

घरात एचआयव्हीबाधित ज्येष्ठ असतील, तर त्यांचे ताट, पेला, अंथरूण वेगळे करू नका. एकत्र जेवल्याने, हात धरल्याने, न्हाऊ घातल्याने लागण होत नाही. रक्त वा जखम हाताळताना मात्र हातमोजे घाला. एचआयव्हीचे औषध रोज ठरल्या वेळी द्या. मधुमेहाच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह किंवा पित्तशामक औषधे चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा. त्यांतील काहींचा एचआयव्हीच्या औषधांशी मेळ बसत नाही. शंका असल्यास १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते.

राज्याची टक्केवारी पाहून शासन आपली योजना आखते. आपल्या घरात कोणाला लागण आहे वा नाही, हे मात्र ती सांगू शकत नाही. ते तपासणीच सांगते. आणि लागण निघालीच, तर त्या माणसाला औषधाइतकाच आपल्या पंक्तीचा आधार लागतो.